नट संपला म्हणजे लायनर संपले

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

मोटारसायकलच्या मागच्या ब्रेकचं पेडल पार खाली जातंय, पेडलपासून चाकापर्यंत जाणाऱ्या रॉडचा नट आवळून आवळून आटे संपलेत, आणि गॅरेजवाला म्हणतोय की आर्म (रॉड ज्याला ओढतो तो चाकाजवळचा दांडा) त्याच्या दातांवर एक दात मागे घेऊन देतो, दहा मिनिटांचं काम. हे तू काल फोनवर सांगितलंस तेव्हापासून माझं लक्ष तिथंच आहे. आर्म सरकवू देऊ नको. शनिवारी तुला कणकुंबीवरून चोर्ला घाट उतरून गोव्यात साखळी गावाला जायचंय. त्याआधी ड्रम, म्हणजे चाकातली ब्रेकची गोल डबी, उघडलाच पाहिजे.

कारण असं. पेडल दाबलं की रॉड आर्मला ओढतो, आर्म कॅम (दोन शूंच्या मधली चपट्या तोंडाची दांडी) फिरवतो आणि कॅम दोन्ही शू बाहेर ढकलतो, म्हणजे ते ड्रमला आतून घासतात. शूवरचे घासणारे थर, म्हणजे लायनर, झिजतील तसा कॅमला जास्त फिरावं लागतं, म्हणून पेडल खाली जातं. नट आवळून आपण तेवढीच भरपाई करतो. नट संपला याचा अर्थ झिजायला लायनर उरले नाहीत. अशा वेळी आर्म दातावर मागे घेतला की पेडल वर येतं, पण लायनर तेवढेच राहतात. कॅम मात्र त्याच्या मापाबाहेर फिरतो. तो आडवा पडून अडकला तर शू मागे येत नाहीत आणि चाक जाम होतं. शूचं उघडं ॲल्युमिनियम ड्रमवर घासलं तर ड्रमही जातो. आर्मवर आणि कॅमच्या टोकावर एकेक ठिपका ठोकलेला असतो. ते दोन ठिपके समोरासमोर आहेत का, हे आधी बघ. नसतील तर आधीच कुणीतरी हा उद्योग केलेला आहे.

दुसरी खूण बाणाची. आर्मच्या मुळाशी बाण असतो आणि पॅनेलवर, म्हणजे ड्रमच्या झाकणावर, रेघ. पेडल पूर्ण दाबून धरायला कुणाला तरी सांग आणि बाण बघ. पेडल न दाबता बघितलंस तर काही कळणार नाही. बाण रेघेला भिडला की शू बदलायचे. त्याच वेळी रॉड आणि आर्म यांच्यातला कोनही बघ. पूर्ण दाबल्यावर तो काटकोनाच्या आसपास हवा. त्यापुढे गेला की पायाचा जोर वाया जातो.

आता उघडायचं कसं. गाडी डबल स्टँडवर घे. रॉडचा नट काढ, त्यामागची स्प्रिंग आणि आर्ममधली गोल पिन लगेच रॉडवर परत घालून ठेव, नाहीतर ती पिन हमखास हरवते. मग टॉर्क रॉडची (पॅनेल फिरू नये म्हणून धरणारी पट्टी) स्प्लिट पिन, मग त्याचा बोल्ट, शेवटी एक्सल. चेन सोडवून चाक बाहेर घे, पॅनेल अलगद निघतं. आतली काळी भुकटी तोंडाने फुंकू नको, हवाही मारू नको. ती छातीला वाईट. ओल्या फडक्याने पुसून फडकं टाकून दे.

लायनर सगळ्यात पातळ जागी मोज. २ मिमीवर आले की बदलायचेच, दोन्ही शू एकदम आणि स्प्रिंगांसकट. तुझ्या गाडीचा ड्रम आतून ११० मिमीचा आहे. १११ च्या पुढे गेला असेल तर नवे शू घालूनही पेडल खालीच जाणार. ड्रमच्या काठाला नख लावून बघ. पायरी लागली तर व्हर्नियरने (सरकत्या मापपट्टीने) माप घेतल्याशिवाय पुढे जाऊ नको.

कॅम मात्र काढूनच बघ. खानापूर-जांबोटी पट्ट्यात पावसाळाभर चाकातून तांबडी माती आत जाते आणि कॅम गंजून घट्ट होतो. मग पेडल जातं खाली, पण परत यायला वेळ लावतं, आणि लोक त्यालाही लायनरच समजतात. कॅमची दांडी रॉकेलने धू, बारीक पॉलिश पेपर मार, दांडीला, कॅमच्या तोंडांना आणि समोरच्या अँकर पिनला (शूंची दुसरी टोकं जिच्यावर टेकतात ती) ग्रीसचा नुसता हात फिरव. जास्त लावलंस तर तापल्यावर ते लायनरवर उतरतं, आणि ग्रीस प्यायलेला लायनर पुन्हा कामाचा राहत नाही. बाहेरच्या बाजूच्या फेल्टच्या चकतीला दोन थेंब ऑइल दे. आर्म बसवताना ठिपक्याला ठिपका.

चाक बसवल्यावर आधी चेन, मग ब्रेक. हा क्रम उलटा केला की फसतं. चेन ताणायला चाक मागे घेतलं की रॉडही ताणला जातो आणि पेडलचा खेळ, म्हणजे ब्रेक धरण्याआधीची मोकळी हालचाल, कमी होतो. एक्सलचा नट शेवटचा आवळण्याआधी पेडल जोरात दाबून धर आणि धरलेलं असतानाच नट आवळ. त्यामुळे पॅनेल ड्रमच्या बरोबर मध्यावर बसतं. हे न केल्यामुळे नव्या शूवरही पेडल स्पंजासारखं लागतं, आणि दोष शूवर जातो. टॉर्क रॉडची स्प्लिट पिन नवी घाल. ती विसरलास आणि बोल्ट निघाला, तर ब्रेक दाबताच पॅनेल चाकाबरोबर फिरेल.

खेळ मोजायचा पेडलच्या टोकाशी, पट्टी उभी धरून. हाताने दाब, पहिला अडथळा लागेपर्यंत २० ते ३० मिमी हवा. नट अर्धा-अर्धा फेरा फिरव. नटाच्या तोंडाला गोलाकार खाच आहे, ती पिनवर नीट बसली पाहिजे. खाच आडवी राहिली तर चार खड्ड्यांत नट आपोआप अर्धा फेरा फिरतो आणि खेळ बदलतो. चाक हाताने फिरवून बघ, मोकळं फिरायला हवं. मग किलोमीटरभर ब्रेक न लावता चालवून हब (चाकाचा मधला भाग) चाचपून बघ. चटका बसत असेल तर शू घासतायत, नट थोडा सैल कर. ब्रेक लाइटचा स्विचही याच वेळी लाव. ब्रेक धरायच्या आधी दिवा लागला पाहिजे.

एवढं करूनही पेडल डुगडुगलं तर पेडलची दांडी आणि रॉडची पुढची पिन बघ. पिनचं भोक लांबट झालं की तिथंच बराच खेळ जातो.

नवे लायनर पहिले दोनेकशे किलोमीटर ड्रमला बसतायत. तेवढ्यात खेळ पुन्हा वाढेल, तो नटाने घे. म्हणून काम शुक्रवारवर टाकू नको, बुधवारीच कर आणि दोन दिवस कॉलेजला तीच गाडी ने.

घाटात एक लक्षात ठेव. सतत ब्रेक धरून उतरलास तर ड्रम तापून फुगतो आणि पेडल खाली जायला लागतं. तिथं उतरून नट आवळायचा नाही. थंड झाल्यावर ड्रम आकसतो आणि शू घट्ट धरतात. गाडी बाजूला लावून थांब, पाणी ओतू नको. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर, दोन्ही ब्रेक सोडत-धरत उतर. न्यूट्रल कधीच नाही.

तुझ्या मित्राच्या गाडीला मागे डिस्क आहे, तिला यातलं काही लागू नाही. तिचं पेडल दोन-तीनदा मारल्यावर वर येत असेल तर बहुधा ब्रेक ऑइलच्या लाइनमध्ये हवा आहे. धरून ठेवल्यावर हळूहळू खाली जात असेल आणि कुठे गळती दिसत नसेल, तर मास्टर सिलिंडरचं (पेडलने ऑइल दाबणाऱ्या पंपाचं) सील गेलंय. त्याला ती गाडी घाटात घेऊ नको म्हणावं.

बाणाचा आणि ठिपक्यांचा फोटो आज रात्री पाठव, पेडल दाबलेलं असताना काढलेला. शू आणि स्प्रिंगा मी उद्या सकाळी घेऊन ठेवतो.

तुझा,
बाबा