विन्या, छापखान्याची गोष्ट राहिली होती

कोथरूड, पुणे
रविवार, २५ मे २०२५

प्रिय विन्या,

पत्र बघून दचकू नकोस, कोणी गेलेलं नाही. तुझे तीन फोन मी उचलले नाहीत आणि 'मीटिंगमध्ये आहे' असं कळवून मोकळा झालो, त्यातला एक तर रविवारी रात्री नऊचा होता. तुला तेव्हाच कळलं असणार. फोनवर मी विषय बदलतो आणि तू मला तो बदलू देतोस, ही आपली जुनी खोड आहे. कागदावर ते जमत नाही, म्हणून लिहायला बसलोय.

तब्येत बरी. शुगर होती तिथेच आहे, गोळी तेवढी वाढली. वंदनाची मान धरते. आई मजेत.

सईबद्दल लिहायचंय. म्हणजे माझ्याबद्दलच, पण तिच्यापासून सुरुवात केली की सोपं जातं.

जेईईचा क्लास लावणार नाही असं तिने गेल्या वर्षी जाहीर केलं, तेव्हा आमच्याकडे झालेलं रामायण तू स्पीकरवर ऐकलं आहेसच. डिसेंबरात दुसरी घोषणा झाली, अकरावीच्या सुट्टीत इंटर्नशिप करणार. मी म्हटलं, अगं, ते कॉलेज संपता संपता करतात, तुला अजून मत द्यायचा हक्क नाही. तर म्हणे वर्गातल्या चौघी करतायत. चौकशी केली. एक वडिलांच्या दवाखान्यात, एक मावशीच्या आर्किटेक्टच्या ऑफिसात आणि दोघी एकीच्या काकाच्या कंपनीत. म्हणजे आपल्या वेळी सुट्टीत मामाकडे जायचे तसंच. फक्त परत येताना चिवड्याच्या डब्याऐवजी सर्टिफिकेट आणायचं.

सईला मात्र स्वतःच्या हिमतीवर मिळवायची होती. हे वाक्य लक्षात ठेव.

मीही तिच्याबरोबर शोधायला बसलो आणि एक गंमत कळली. पंतप्रधानांच्या नावाची इंटर्नशिप योजना आहे, ती एकवीस ते चोवीस वयाच्यांना. इस्रोचं 'युविका' आहे, ते नववीच्या मुलांना. आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेचा उन्हाळी कार्यक्रम शाळेतल्या पोरांसाठी, आणि ही आता कॉलेजकन्या. पाषाण रोडवरच्या मोठ्या प्रयोगशाळांना निदान बीएस्सीची पोरं हवीत. थोडक्यात, पोरगं नववीत हुशार असावं किंवा थेट पदवीच्या वर्गात, मधली वर्षं त्याला लोणच्यासारखं बरणीत घालून ठेवावं. २०२० च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तर घरी ठेवून सुतार, माळी, कुंभार यांच्या हाताखाली शिकावं असं लिहिलंय, आणि बारावीपर्यंत सुट्टीतही अशी सोय असावी म्हणतात. वाचून भरून आलं. कुंभाराचा पत्ता तेवढा द्यायला हवा होता.

सईने त्रेचाळीस मेल पाठवले. पहिलं पत्र कुठल्याशा यंत्राकडून लिहून घेतलं होतं, 'मला लहानपणापासून तंत्रज्ञानाची प्रचंड ओढ आहे.' मी म्हटलं, लहानपणी तुला प्रचंड ओढ होती ती खडू खायची. दोन दिवस अबोला.

त्रेचाळिसांपैकी तिघांची उत्तरं आली. एका प्राध्यापकांनी फार चांगलं लिहिलं. आत्ता प्रयोगशाळेत घेता येणार नाही, पण २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाला जे जे उघडं असेल ते बघ, खोडदच्या रेडिओ दुर्बिणीपर्यंत जाऊन ये, आणि प्रश्न घेऊन ये. आम्ही गेलो. नारायणगावच्या पुढे त्या पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तबकड्या बघून माझीच मान वंदनासारखी धरली. दुसरं उत्तर एका कंपनीच्या एचआरचं. अठराच्या आतलं कोणी आवारात नको, १९४८ च्या कारखाना कायद्याप्रमाणे पंधरा ते अठराच्या पोराला कामावर ठेवायचं तर सरकारमान्य डॉक्टरचा दाखला लागतो, ती कटकट कोण करणार. मला राग आला नाही. कायदा असल्याच पोरांना वाचवायला केलाय, आणि छापखान्यात तेव्हाच्या आपल्या वयाच्या पोराचं बोट छपाईच्या ट्रेडल मशीनमध्ये गेलेलं आपण पाहिलंय. तिसऱ्याने लिहिलं, निवड झाली, अभिनंदन, साडेसात हजार भरा. काम आपण करायचं, पैसेही आपणच द्यायचे. नाना असते तर त्या माणसाला वाड्यात बोलावून हिशेब समजावून सांगितला असता.

मग तिने एक शहाणपणाचं केलं. वंदनाचा स्वयंपाकघरातला इलेक्ट्रॉनिक काटा बिघडला होता, तो खोलला. आत एक ॲल्युमिनियमची जाडसर पट्टी असते, तिला लोडसेल म्हणतात. वर वजन ठेवलं की ती वाकते, पण इतकी थोडी की डोळ्याला दिसत नाही. तिच्यावर चिकटवलेल्या बारीक तारजाळ्यांचा रोध त्याने किंचित बदलतो, आणि तेवढ्या मिलीव्होल्टच्या फरकावरून आपल्याला साखर पावशेर आहे की नाही ते कळतं. एक तार सुटली होती, ती हिने डागली. मग त्यावर सहा ओळींचं पत्र स्वतः लिहिलं, 'मी हे उघडलं, एवढं कळलं, एवढं कळलं नाही, पुढचं तुमच्याकडे बघायचंय.' ओढबिढ काही नाही. मला ते पत्र इतकं आवडलं की मी तिला थांब म्हटलं. कारण काटे कोण बनवतं?

बरोबर. सुध्या.

तू हसतोयस हे मला दिसतंय. 'दिल्या, वजनाच्या कंपनीत वजन वापरलंस!' वापरलं. एप्रिलात भोसरीला सुध्याला फोन केला. इकडचं तिकडचं झालं, त्याच्या टकलाची चौकशी झाली. मग तो म्हणाला, "शॉप फ्लोअरवर नाही ठेवणार, पण वर टेस्टिंगच्या खोलीत एका पोराला बसवता येईल. फक्त आमच्या सुपरवायझरने कोणा एका मुलाला तोंडी हो म्हटलंय. बघतो. तुझी पोरगी म्हटल्यावर..."

आणि मी म्हणालो, "बघ ना."

कोण मुलगा, हे विचारलं नाही. दोनच शब्द होते, पण तेही तोंडातून निघाले नसते तर बरं झालं असतं.

५ मेपासून सई जायला लागली. वनाजला मेट्रोत बसायचं, सिव्हिल कोर्टला बदलायची, नाशिक फाट्याला उतरून पुढे शेअर रिक्षा. आठ दिवस घरात दुसरा विषय नव्हता. प्रमाण वजनं हाताने उचलायची नाहीत, घामाने फरक पडतो. काट्याच्या चारही कोपऱ्यांवर तेच वजन ठेवून बघायचं, आकडा तोच यायला हवा. दुकानातल्या काट्याची दरवर्षी वैधमापनवाल्यांकडून तपासणी होते आणि शिक्का बसतो. मंडईत ती आता भाजी सोडून शिक्के बघत हिंडते. वंदनासुद्धा विरघळली.

नवव्या दिवशी ती गेटवर इस्त्रीचे कपडे आणायला गेली. तिथे इस्त्रीवाल्यांचा ओंकार होता. तुझ्या मागच्या खेपेला ज्याने तुझ्या झब्ब्याची घडी मोडू नका म्हणून तुला दम दिला होता, तोच. सईच्याच वयाचा, दुसऱ्या कॉलेजात. तिच्या गळ्यातलं कंपनीचं ओळखपत्र बघून म्हणाला, "इथं मीपण जाणार होतो." पेपर संपल्यावर मार्चमध्ये दोन बस बदलून तो भोसरीला गेला होता. ओळख नाही, पाळख नाही. गेटवरच्या माणसाने दोनदा हाकललं, तिसऱ्यांदा सुपरवायझर भेटला. कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या मावशींचा काटा त्याने दुरुस्त केला होता, तोच पिशवीतून घेऊन गेलेला. सुपरवायझर म्हणाला, पाच मेला ये. तीन तारखेला फोन आला, येऊ नकोस.

म्हणजे सई जे सहा ओळींत लिहू पाहत होती, ते हा पिशवीत घालून घेऊन गेला होता.

ती वर आली. कपडे खुर्चीवर ठेवले आणि विचारलं, "बाबा, तुला माहीत होतं?" मी म्हणालो, "मला त्याचं नाव माहीत नव्हतं."

विन्या, हे वाक्य मी कुठे शिकलो ते तुला सांगायला हे पत्र आहे.

१९८८. दहावीचा शेवटचा पेपर झाला आणि तू नारायण पेठेतल्या छापखान्यात जाऊन सुट्टीतल्या कामाचं विचारून आलास. मालक म्हणाले, सोमवारी ये. हे तू मला पटांगणात सांगितलंस. मामा मला घेऊन गेला शनिवारी. आजवर तुला मी एवढंच सांगत आलोय की मामाने परस्पर ठरवलं, मला पत्ताच नव्हता. ते खोटं आहे. मी तिथे उभा होतो. मालक म्हणाले, "अहो, एका पोराला हो म्हटलंय, उंचसा आहे, चष्म्याची दांडी दोऱ्याने बांधलेली." पुण्यात तसली दांडी एकाचीच होती. मामाने माझ्याकडे बघितलं, "ओळखतोस का रे?" मी छपाईच्या अक्षरांचे खिळे ठेवायच्या खणांकडे बघत मान हलवली. नाही म्हणून.

सोमवारी तू आलास तेव्हा माझे हात शाईने काळे होते. तू काही बोलला नाहीस, हेच वाईट. नंतर रसवंतीवर चरक फिरवताना म्हणालास, "बरं झालं, इथं गार तरी वाटतं." अकरावीचं पहिलं सत्र आपण बोललो नाही, पिंट्याने गणपतीच्या वर्गणीसाठी दोघांना एकाच जिन्यावर चढवलं म्हणून सुटलो. तू मामावर राग धरलास. त्याच्या तेराव्यालाही आला नाहीस, आणि मी वर तुलाच बोललो, मनात इतकं धरून ठेवायचं नसतं म्हणून. ते आठवलं की अजून अंगावर काटा येतो. मामाच्या डोक्यावर माझं पाप सदतीस वर्षं राहिलं.

(ॲटलास सायकल मात्र तूच वाकवली होतीस. त्यात मी काहीही मागे घेत नाही.)

हे सगळं मी परवा सईला सांगितलं. वाटलं, आपण कबूल केलं की पोरगी थोडी मऊ होईल. तिने नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "विनूकाकाला सांगितलंयस?" नाही म्हटलं. "मग मला काय सांगतोस?"

तिने तिच्या परीने खटपट केली. सुपरवायझरला विचारलं, दोघांना घ्या. एकच स्टूल आहे म्हणाला. मग ओंकारला म्हणाली, तीन दिवस तू जा, तीन दिवस मी. तो नको म्हणाला. रविवार पेठेत काटे दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराकडे त्याने काम धरलंय, रोजचे दोनशे रुपये आणि दोन वेळचा चहा. म्हणाला, "तिथं नुसतं तपासायचं. इथं रोज नवा बिघाड येतो." खरंही असेल. तुझं रसवंतीचं गार वाटणं खरं होतं की नव्हतं, हे मला अजून कळलेलं नाही.

कंपनी सोडून दे, असं मीच सईला सुचवलं. ती म्हणाली, आता सोडून तुला बरं वाटेल, ओंकारला काय मिळेल? जाते रोज. संध्याकाळी येताना रविवार पेठेवरून येते, ओंकारला तिथलं सांगते, त्याच्याकडून बिघाड शिकते. माझ्याशी 'मीठ दे' इतपत संबंध आहेत. वंदना म्हणते, जगात सगळे असंच करतात, तुम्ही उगाच घोळ घालता. करतात खरे. त्या चौघींचे बाप, काका, मावशी झोपतात की व्यवस्थित. मी सुध्याला अजून काही बोललेलो नाही. त्याचा दोष नाही, त्याला 'बघ ना' म्हणणारा मी. ओंकारच्या वडिलांकडे कपडे द्यायला मात्र हल्ली वंदनालाच पाठवतो.

तुझं काय? पावसाने इथे आठवडाभर झोडपलंय, तिकडे दापोलीत शेवटचा आंबा हाती लागला का? वहिनींच्या रिटायरमेंटचे कागद मार्गी लागले का? आप्पा ओळखतात का अजून? अनिकेतला म्हणावं, नोकरी सोडायचीच असेल तर आधी दुसरी बघ. पेटी पाठवलीस तर पैसे घे, दरवर्षीचं नाटक नको.

सई जूनमध्ये चार दिवस तुमच्याकडे येईन म्हणते. ती तुला छापखान्याचं विचारणार. तुला आठवतं तसं सांग, मला वाचवायला जाऊ नकोस.

शिव्या घालायच्या असतील तर पत्रातूनच घाल. आमच्याकडे फोन अजून स्पीकरवर असतो.

तुझा,
दिल्या

ता. क. छापखान्यात मला दिवसाला सात रुपये मिळत, आणि मी एक्केचाळीस दिवस भरले. गुणाकार तू कर, गणितात तुला माझ्यापेक्षा जास्त होते. पेटीच्या पैशांत तेवढे जास्तीचे पाठवतोय. मनीऑर्डर परत केलीस तर बघ.