रस्ता किती मीटरचा आहे, ते आधी बघू

पुणे,
11 जानेवारी 2026

प्रिय अविनाश,

चाळीस वर्षांच्या मैत्रीत तुला 'विनंती विशेष' काय करायची, म्हणून थेट मुद्द्यावर येतो. तू घ्यायला बघतोयस त्या जुन्या फ्लॅटवरून परवा तू फोनवर ओरडलास, "लिफ्ट नाही, मोझॅकची फरशी, कडप्प्याचा ओटा, बाथरूमच्या छताचं प्लॅस्टर हातात येतंय, आणि हा माणूस 1 कोटी 40 लाख मागतो? लाज कशी वाटत नाही?" मी म्हणालो, "अरे, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही." त्यावर तू फोन ठेवलास. कुकरची शिट्टी झाली, हे कारण मला पटलेलं नाही. म्हणून हे पत्र. पत्र मध्येच ठेवून देता येत नाही, निदान ठेवलंस तरी मला कळत नाही.

काल मी तो फ्लॅट स्वतः बघून आलो. एरंडवण्यात, कर्वे रस्त्याच्या आत दोन गल्ल्या. 1974 ची इमारत, तळमजला अधिक तीन, बारा फ्लॅट. आपला दुसऱ्या मजल्यावर, कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतली जागा, 640 फूट. तू म्हणालास ते सगळं खरं आहे. स्वयंपाकघरातला माळा तर इतका खाली आहे की उंच माणसानं हेल्मेट घालून चहा करावा. पण दोन्ही बाजूंना खिडक्या आहेत, वारा आरपार जातो आणि समोर आंब्याचं झाड आहे. नुसतं राहायचं घर म्हणून मला विचारशील तर मी 85, फार तर 90 लाख देईन. मग वरचे 50 लाख कशाचे? तू ज्यावर चिडलास ते 50 लाख फरशीचे नाहीत आणि भिंतींचेही नाहीत.

रेडी रेकनर, म्हणजे सरकारचं जागांच्या दरांचं पुस्तक, उघडून बघ. त्यात जमिनीचा दर वेगळा, बांधकामाचा वेगळा. बांधकामाला वयाप्रमाणे घसारा लागतो, जमिनीला लागत नाही. पन्नास वर्षांत त्या इमारतीची किंमत घसरत घसरत नगण्य झाली आणि खालची जमीन मात्र शहर वाढलं तशी वर वर गेली. त्या सोसायटीचा प्लॉट सुमारे 10,000 फुटांचा. बारा घरं, म्हणजे घरामागे 800 फुटांहून जास्त जमीन. बावधनला तू पाहिलेल्या त्या चकचकीत टॉवरमध्ये घरं किती, प्लॉट किती, एकदा भागून बघ. तिथे स्विमिंग पूल दिसतो, जमीन दिसत नाही. आता जुनं घर महाग म्हणजे हवेतली किंमत, असं लगेच म्हणू नकोस.

पण नुसती जमीन असून भागत नाही. जुनी इमारत पाडून त्या जमिनीवर आणखी किती बांधता येईल, यावर सगळा खेळ आहे. आणि इथे कोणीही बघत नाही अशी एक गोष्ट सगळं ठरवते: समोरचा रस्ता. डिसेंबर 2020 मध्ये मुंबई सोडून बहुतेक राज्यासाठी एकच विकास नियमावली आली. दाट वस्तीच्या बाहेरच्या भागात तिच्यात मूळ एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधता येतं तो आकडा, 1.1. रस्ता नऊ मीटरपेक्षा अरुंद असेल तर तेवढ्यावरच गप्प बसायचं. नऊ मीटर किंवा जास्त असेल तर महापालिकेला प्रीमियम भरून आणि टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जागेवरचा बांधकामाचा हक्क, विकत घेऊन तो 2 पर्यंत जातो. बारा मीटरच्या पुढे 2.25, आणि असं चढत तीस मीटरला 3.

आता त्या सोसायटीचा ढोबळ हिशेब कर. जिने-बाल्कन्यांसाठी वरून मिळणारा पूरक एफएसआय आणि पुनर्विकासाचं प्रोत्साहन मी मुद्दाम धरत नाही, नाहीतर पत्राची वही होईल. आज तिथे 9,000 फुटांच्या आसपास बांधकाम आहे. रस्ता सहा मीटरचा असेल तर नवं 11,000. जुन्या लोकांना त्यांच्या जागा दिल्या की 2,000 फूट उरतात. एवढ्यासाठी कोणता बिल्डर बारा कुटुंबांना दोन-तीन वर्षं भाडी भरेल? रस्ता नऊ मीटरचा झाला की नवं 20,000. सभासदांना तीस टक्के वाढवून दिलं तरी 11,700 जातात आणि 8,300 विकायला उरतात. आता बिल्डर पेढे घेऊन येतो. एकाच वर्षी बांधलेल्या, एकाच तऱ्हेच्या दोन इमारती शेजारशेजारच्या गल्ल्यांत असतात आणि त्यांच्या भावात जमीन-अस्मानाचा फरक पडतो, तो या तीन मीटरमुळे. महापालिकेनं सहा मीटरचे कितीतरी रस्ते नऊ मीटरचे करायचं काढलं तेही यासाठीच. दोन्ही बाजूंच्या सोसायट्यांनी थोडी थोडी पट्टी सोडायची. कागदावर सोपं आहे, पण कंपाउंडच्या भिंतीला लागून पार्किंग असलेल्या माणसाला विचार. आणि हो, मेट्रो. नळ स्टॉपचं स्थानक 2022 मध्ये सुरू झालं. स्थानकापासून 500 मीटरच्या पट्ट्यात प्लॉट मोठा आणि रस्ता रुंद असेल तर 4 पर्यंत एफएसआय मिळू शकतो. आपल्या बारा घरांच्या सोसायटीला त्याचा उपयोग शून्य, पण एजंटनं मला ते तीनदा सांगितलं.

एजंट म्हणाला, "रस्ता नऊचाच आहे, साहेब." मी पावलं मोजली. या कंपाउंडपासून त्या कंपाउंडपर्यंत मला जेमतेम सात भरले. माझी पावलं आता गुडघ्यामुळे आखूड पडतात हे खरं, पण इतकीही नाहीत.

आता मालकाचा हिशेब ऐक. मला तो त्यांच्या जिन्यात उभं राहून कळला. मालक वारले, फ्लॅट तीन भावंडांच्या नावावर. थोरला इथे, एक बहीण नाशिकला, धाकटा कॅनडात. घाई कुणालाच नाही, कुणाच्याही डोक्यावर कर्ज नाही. पन्नास वर्षांपूर्वी वडिलांनी चाळीस-एक हजारांत घेतलेली जागा. थोरला मला सरळ म्हणाला, "प्रत्येकाला 45 तरी मिळायला हवेत, आणि 5 एजंटला नि टॅक्सला." झाले ना 1 कोटी 40 लाख? आपण समजतो, घर बघून, बाजार बघून, तुलना करून भाव ठरला असेल. प्रत्यक्षात तीनानं गुणाकार केलेला असतो. तो आकडा बरोबर वाटावा म्हणून मग एजंट मागून आधार देतो: 640 चे उद्या 832 होणार, नव्या इमारतीत वीस हजारांनी धरले तरी 1 कोटी 66 लाख, म्हणजे साहेब, तुमचा 26 लाखांचा फायदा पहिल्या दिवशीच!

इथे मात्र सावध हो. हे 832 फूट अजून कुणी बांधलेले नाहीत. ते बांधून होईपर्यंत चार वर्षं तू थांबायचंस, भाड्याच्या घरात सामान हलवायचंस, बिल्डर पळाला तर कोर्टाच्या पायऱ्या तू चढायच्यास, आणि त्या नव्या घराचे बहुतेक पैसे मात्र मालकानं आजच मोजून घ्यायचे. घराबरोबर ते तुला सोडतीचं एक तिकीट विकताहेत, आणि बक्षीस लागलंय असं धरून.

मी हे शहाणपण कुठून आणलं, असं तू विचारशीलच. आम्हीही हेच केलं. सदाशिव पेठेतली बाबांची जागा विकायला काढली तेव्हा शेजारच्यानं किती घेतले ते ऐकून त्यावर दहा लाख चढवले. का? तर आमच्याकडे सकाळचं ऊन येतं. दोन वर्षं कुणी फिरकलं नाही. शेवटी शेजाऱ्यापेक्षा कमीत दिली आणि वर्षभर सगळ्यांना सांगत राहिलो की पार्टी चांगली होती म्हणून सोडली. मागितलेली किंमत आणि झालेली किंमत यांत किती अंतर असतं ते कोणी बोलत नाही. मागितलेल्या आकड्याचीच गल्लीभर चर्चा होते आणि पुढचा मालक तिथून सुरुवात करतो.

याच गोष्टीचा कळस बघायचा तर गिरगावात जा. तुला माझी मावशी आठवते, तिच्या चाळीतल्या दोन खोल्या? आपण दहावीनंतर राहिलो होतो, गॅलरीत झोपलो होतो. त्या खोल्या तिच्या मालकीच्या कधीच नव्हत्या. पागडीच्या, म्हणजे एकरकमी पैसे देऊन घेतलेला भाडेहक्क, जो पुढे दुसऱ्याला विकता येतो. तरी आज त्यांचा आकडा ऐकलास तर परत फोन ठेवशील. 1947 च्या भाडे कायद्यानं जुनी भाडी 1940 च्या पातळीवर गोठवली. घरमालकाला महिन्याला जे मिळायचं त्यात जिन्याचा कठडाही दुरुस्त होत नव्हता, म्हणून त्यानं केला नाही. इमारती मोडकळीला आल्या त्या अशा. 1997 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं भाडी अशी गोठवून ठेवणं न्याय्य नाही म्हटलं. नवा कायदा 31 मार्च 2000 पासून लागू झाला, पण त्यातही वाढ वर्षाला 4 टक्के. कशावर 4 टक्के, ते तुला कळलंच असेल. दुसऱ्या बाजूनं, मुंबईच्या शहर भागातल्या 1969 पूर्वीच्या उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या, इमारतीचा पुनर्विकास झाला की भाडेकरूला कमीत कमी 300 फूट कार्पेटचं घर मिळतं, स्वतःच्या मालकीचं, बांधकामाचा पैसा न देता. म्हणजे ज्या कायद्यानं त्या खोल्या जीर्ण झाल्या, त्यानंच जपलेल्या भाडेकरूपणाच्या जोरावर त्या महाग झाल्या. विकताना घरमालकही आपला हिस्सा, बहुधा तिसऱ्या भागाच्या आसपास, मागून घेतो आणि नव्या माणसाच्या नावानं भाडेपावती फाडतो. गेल्या ऑक्टोबरात भुयारी मेट्रो गिरगावात पोचली आणि मावशीच्या शेजाऱ्यानं दुसऱ्याच आठवड्यात आकडा वाढवला. जिना तोच आहे, अजून त्याला टेकू लावलेला आहे.

जुन्या घराच्या बाजूनंही दोन शब्द बोलायला हवेत, नाहीतर तू म्हणशील मी नुसती भीतीच घालतोय. बांधकाम चालू असलेल्या नव्या घरावर 5 टक्के जीएसटी लागतो, जुन्यावर नाही. मेंटेनन्स त्या सोसायटीत महिन्याला हजार-बाराशे आहे, टॉवरमध्ये नुसत्या लिफ्टची वीज तेवढी होते. 640 म्हणजे 640, त्यात लॉबी आणि क्लबहाउस मिसळलेलं नाही. आणि तुझी मुलगी पौड फाट्याला राहते, नातवाला आणायला तू चालत जाशील. बावधनहून नाही जाणार.

आता व्यवहाराचं. पैसे द्यायच्या आधी माझ्यासाठी तीन गोष्टी विचार, एजंटला नको, सोसायटीच्या सेक्रेटरीला. पहिली, कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर करून देणं, झालं आहे का. पन्नास वर्षं झाली तरी कितीतरी सोसायट्यांची जमीन अजून मूळ मालकाच्या किंवा बिल्डरच्या नावावर आहे. तसं असेल तर ज्या जमिनीचे 50 लाख तू देतोयस ती सोसायटीची नाहीच. 2008 पासून मानीव अभिहस्तांतरणाचा, म्हणजे मालकानं करून दिलं नाही तरी सरकारकडून कन्व्हेयन्स मिळवण्याचा, रस्ता आहे, पण त्यातही वारसांच्या वारसांना नोटिसा काढत बसावं लागतं. प्रॉपर्टी कार्ड, म्हणजे जमीन कुणाच्या नावावर आहे त्याचा सरकारी उतारा, डोळ्यांनी बघ. दुसरी, विकास आराखड्यात तो रस्ता किती रुंद दाखवलाय. तिसरी, पुनर्विकासावर सभासदांत एकमत किती आहे. 2019 च्या शासन निर्णयाप्रमाणे 51 टक्क्यांच्या संमतीनं ठराव होतो, पण उरलेले 49 टक्के गप्प बसतात असं कुठेच लिहिलेलं नाही. आमच्याच सोसायटीचं बघ, सेक्रेटरी मी. सहा वर्षांत बावीस मीटिंगा झाल्या. सगळे तयार. फक्त तळमजल्यावरचे एक काका प्रत्येक सभेत एकच वाक्य बोलतात: "माझ्या तगरीचं काय?" पहिल्या वर्षी आम्ही हसलो. दुसऱ्या वर्षी चिडलो. आता मीही त्या तगरीकडे बघतो तेव्हा वाटतं, प्लॅनमध्ये खरंच कुठे बसेल ती? आणि दरम्यान आमच्याकडच्या एका फ्लॅटला एकानं दीड कोटी मागितले, 'रिडेव्हलपमेंट फायनल' अशी जाहिरात देऊन. सेक्रेटरीला, म्हणजे मला, ते जाहिरातीतून कळलं.

तर तुझ्या त्या फ्लॅटचं माझं मत असं. कन्व्हेयन्स असेल आणि आंब्याचं झाड तुला आवडलं असेल तर 1 कोटी 5 लाखांपर्यंत बोल. त्यातले 90 घराचे, 15 तिकिटाचे. थोरला नाही म्हणेल. त्याला तिघांना 45 द्यायचे आहेत, त्यात तुझा काय दोष. कॅनडातल्या भावाला घर रिकामं ठेवायचा कंटाळा आला की एप्रिल-मेमध्ये फोन येईल. तोवर गप्प राहायचं, आणि हे तुला जमणार नाही हे मला माहीत आहे, म्हणून बोलणी मी करतो.

संक्रांतीनंतर ये. वहिनींना आण, स्वयंपाकघर त्यांनी बघायला हवं, माळ्याखाली डोकं त्यांचंच आपटणार आहे. संत्री आणू नकोस, इथे मिळतात. आल्या आल्या आधी त्या गल्लीत जाऊ. तीस मीटरचा टेप मी आमच्या कॉन्ट्रॅक्टरकडून मागून ठेवलाय, एक टोक तू धर.

तुझा,
श्रीकांत

ता. क. कुकर खरंच होता का?