‘दडपणाखाली कोसळली’ म्हणजे नेमकं काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या क्रीडा पानावर हरलेल्या खेळाडूबद्दल ‘मानसिकदृष्ट्या कमी पडली’, ‘दडपणाखाली कोसळली’ अशी वाक्यं नेहमी वाचायला मिळतात. मी बॅडमिंटन शिकवते. अशा बातम्या वाचून पालक येतात आणि म्हणतात, ‘मॅडम, हिचं मन जरा घट्ट करा. एखादं मोटिव्हेशनल लेक्चर ठेवू या का?’ लेक्चरला माझी ना नाही, तेवढीच मुलींच्या पायांना विश्रांती. पण दडपणाखाली जे मोडतं ते बऱ्याचदा सरावातच कच्चं राहिलेलं असतं. बातमीत ते येत नाही, म्हणून हे पत्र.

शॉर्ट सर्व्हिसचंच बघा. सरावात जी मुलगी शटल जाळीच्या पट्टीवरून अलगद सरकवते, तिचीच सर्व्हिस १९-१९ला, म्हणजे गेम अगदी संपत आला असताना, जाळीत जाते, नाहीतर इतकी उंच उठते की समोरची झेपावून मारून मोकळी होते. त्या वेळी तिची नजर पाहावी. समोरच्या कोर्टाकडे नसतेच, स्वतःच्या मनगटाकडे असते. अंगठा कुठे आहे, कोपर किती वर आहे, शटल नीट धरलंय का... एरवी आपसूक होणारी हालचाल ती सुटी करून तपासायला लागते आणि तिथेच हात आखडतो. वर गॅलरीतून बाबा ओरडत असतात, ‘मनगट सांभाळ!’

याचा अभ्यास झालेला आहे. संशोधक रिच मास्टर्स यांनी १९९२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात नवख्या लोकांना गोल्फचं पटिंग, म्हणजे चेंडू हलकेच ढकलून खड्ड्यात घालणं, शिकवलं. काहींना तंत्राच्या सविस्तर सूचना दिल्या. काहींना सूचना दिल्याच नाहीत, उलट चेंडू मारता मारता मनाला येतील ती इंग्रजी अक्षरं मोठ्याने म्हणायला लावली, म्हणजे तंत्राचा विचार करायला डोकं मोकळंच राहू नये. पुढे मुद्दाम ताण आणल्यावर सूचना घोकलेले अडखळले. अक्षरं बडबडणारे सुधारतच राहिले. याचा अर्थ प्रशिक्षकाने तोंड शिवून बसावं असा नाही. पण ‘मनगट वाकवू नकोस’ म्हणण्याऐवजी ‘शटल पट्टीला घासून जाऊ दे’ म्हटलं, तर लक्ष हातावरून शटलवर जातं. संशोधक गॅब्रिएल वुल्फ यांनी वर्षानुवर्षं हाच मुद्दा वेगवेगळ्या खेळांत तपासला आहे, आणि कोर्टवर तो मी रोज बघते.

दुसरी गोष्ट सरावाच्या आखणीची. टोपलीभर शटल घेऊन एकाच जागेवरून एकच सर्व्हिस करत राहिलं की शेवटच्या दहा देखण्या पडतात. पालक खूश, मुलगी खूश. सामन्यात मात्र एकच सर्व्हिस ओळीने दहा वेळा कोण करतं? शिया आणि मॉर्गन यांनी १९७९ साली प्रयोगशाळेत दाखवलं की वेगवेगळ्या हालचालींचा सराव आलटूनपालटून केला तर सराव चालू असताना माणूस चाचपडतो, पण नंतरच्या चाचणीत तोच पुढे असतो. सिना गूड आणि रिचर्ड मॅगिल यांनी १९८६ साली हे बॅडमिंटनच्याच तीन सर्व्हिसवर करून पाहिलं. क्रम सतत बदलून सराव केलेल्यांना पुढे कोर्टची बाजू बदलून दिली, तरी त्यांची सर्व्हिस टिकली. अगदी नवख्या मुलांना आधी थोडी सलग आवर्तनं लागतात, हे खरं. रॅकेट धरणंही जमत नसताना क्रम कसला बदलायचा! पण हात बसल्यावर सराव थोडा विस्कळीत दिसला पाहिजे. तो दिसला की पालक क्लास बदलतात, हा भाग वेगळा.

राहिला प्रश्न मनाच्या सरावाचा. डोळे मिटून, मंद संगीत लावून ‘मी जिंकतेय’ म्हणण्यापेक्षा रॅकेट हातात घेऊन, सर्व्हिसच्या पवित्र्यात उभं राहून, खऱ्या वेगाने शटल मनात मारून बघावं. नुसता कल्पनेतला सराव काहीच न करण्यापेक्षा बरा, पण कोर्टवरच्या घामाची जागा तो घेत नाही. सर्व्हिसआधीचा ठरलेला क्रमही मी रोजच्या सरावात करून घेते: एक दीर्घ श्वास सोडायचा, शटल कुठे टाकायचं ती जागा बघायची, मारायचं. ऐन फायनलच्या सकाळी शिकवलेला श्वास तिसऱ्या गेममध्ये कुणाला आठवत नाही.

आपल्या वार्ताहरांना एवढीच विनंती, की सामन्यानंतर हरलेल्या मुलीला ‘दडपण आलं होतं का?’ असं विचारू नये. ते आलेलंच असतं, जिंकलेलीलाही आलेलं असतं. त्यापेक्षा ‘१९-१९ला सर्व्हिस करताना तू कशाकडे बघत होतीस?’ असं विचारावं आणि ती जे सांगेल ते छापावं. तिच्या प्रशिक्षकांनाही ते वाचता येईल.

आपली,
एक बॅडमिंटन प्रशिक्षिका