प्रभातफेरी झाली, आता एक तास द्या

मा. संपादक,
स. न.

आपल्या २ डिसेंबरच्या अंकात तालुक्याच्या पानावर एड्स जनजागृती प्रभातफेरीचे छायाचित्र पाहिले. गणवेशातल्या मुली, मागे लेझीम, आणि सगळ्यांच्या पुढे नेहमीप्रमाणे आम्ही मोठी माणसे. (फोटो निघताना पुढे सरकण्याची मोठ्यांची लगबग मी नोकरीभर पाहिली आहे, त्यामुळे हसूच आले.) कडेच्या एका मुलाच्या हातातली पाटी स्पष्ट वाचता येत होती : 'एड्स म्हणजे मृत्यू'. त्या पाटीसाठी हे पत्र लिहीत आहे.

सांगली जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवून मी निवृत्त झाले. असल्या पाट्या एके काळी मीही मुलांकडून रंगवून घेतल्या आहेत. तेव्हा त्या खोट्या नव्हत्या. द्राक्षांच्या गाडीवर जाणारा, पैलवानकी केलेला गडी दोन वर्षांत वाळून काटकी व्हायचा आणि "टीबी होता" एवढेच सांगून घरचे विषय मिटवायचे. औषधे होती, पण विकत घ्यायची कुणाची ऐपत नव्हती. १ एप्रिल २००४ ला सरकारने एआरटीच्या, म्हणजे एचआयव्ही या एड्सच्या विषाणूला दाबून ठेवणाऱ्या, गोळ्या मोफत द्यायला सुरुवात केली. मुंबईचे जे. जे. रुग्णालय पहिल्या केंद्रांपैकी एक. सुरुवातीला रक्तातल्या सीडी-४ पेशी (रोगाशी लढणाऱ्या) ठरलेल्या आकड्याच्या खाली घसरल्याशिवाय गोळ्या मिळत नसत. २०१७ पासून तीही अट गेली : एचआयव्ही आढळला की लगेच उपचार. आज बहुतेकांना दिवसाला एकच गोळी पुरते. वेळेवर तपासणी झाली आणि गोळी चुकवली नाही, तर माणूस शेती करतो, नोकरी करतो, नातवंडे खेळवतो. पाटीवर मात्र अजून १९९५ सालच चालू आहे.

शाळेत असताना मी आठवीच्या वर्गात बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा ठेवला होता. झाकणाला फट पाडली होती. विचारायला लाज वाटेल ते चिठ्ठीवर लिहा, नाव घालू नका, असे सांगितले होते. पहिल्या आठवड्यात डब्यात दोन-तीन चिठ्ठ्या पडल्या, त्याही एका वात्रट पोराच्या. मग डबा भरायला लागला. 'बाई, डास चावल्यावर हुतंय का?' 'न्हाव्याच्या दुकानात दाढी केली तर?' 'शेजारचे काका त्यानंच गेले म्हणतात, त्यांच्या विहिरीचं पाणी प्यावं का?' 'कंडोमची जाहिरात लागली की पप्पा चॅनल का बदलतात?' शेवटच्या चिठ्ठीवर वर्ग पाच मिनिटे हसत होता. मीही हसले. आणि मग उत्तर दिले.

डासाचा प्रश्न दरवर्षी यायचा आणि तो मूर्खपणाचा नाही. मलेरिया होतो, डेंग्यू होतो, मग हा का नाही? मी फळ्यावर डासाचे चित्र काढायची. डास चावताना आपली लाळ आत सोडतो, आधी प्यायलेले रक्त नाही. डेंग्यूचा विषाणू डासाच्या अंगात वाढून त्या लाळेपर्यंत पोहोचतो. एचआयव्ही डासाच्या पोटात टिकतच नाही, पचून जातो. एवढे कळले की पोराला विहिरीचे, ताटाचे, हस्तांदोलनाचे, एका बाकावर बसण्याचे उत्तर आपोआप सापडते. 'गैरसमज टाळा' अशी पाटी धरून ते सापडत नाही.

त्याच डब्यात एका डिसेंबरात, फेरीच्या दुसऱ्याच दिवशी, एक चिठ्ठी आली. वहीच्या पानाची चार घड्या केलेली. 'मी पण रोज गोळ्या घेतो. आई तांदळाच्या डब्यात ठेवते. मी कबड्डी खेळली तर चालेल का?'

अक्षर मी ओळखले. तपासलेल्या वह्यांमुळे बाईंना सगळ्यांचे अक्षर पाठ असते, हे मुलांच्या लक्षात येत नाही. आदल्या दिवशी तो मुलगा माझ्याच सांगण्यावरून पाटी धरून गावभर फिरला होता. त्या पाटीवर काय लिहिले होते ते पुन्हा लिहायला नको.

ती चिठ्ठी मी वर्गात वाचली नाही. पण बाकीच्या उत्तरांत मिसळून सांगितले : कबड्डी, खो-खो, कुस्ती, काहीही खेळा, कुणालाही खरचटून रक्त आले तर हातमोजे नाहीतर प्लॅस्टिकची पिशवी हातात घालूनच पुसायचे, जखम साबण-पाण्याने धुऊन पट्टी बांधायची, आणि हा नियम सगळ्यांच्या रक्ताला. त्याने मान वर केली नाही. त्यानंतर मात्र मी पाट्यांचा तो गठ्ठा पुन्हा माळ्यावरून काढला नाही.

अभ्यासक्रमात विषय नाही, अशी तक्रार मी करणार नाही. आठवीच्या विज्ञानात 'आरोग्य व रोग' हा धडा आहे, त्यात एड्स आहे. दहावीला 'सजीवांतील जीवनप्रक्रिया भाग २' मध्ये मानवी प्रजनन आहे. धडे आहेत, पण तास होत नाहीत. "हा भाग घरी वाचा" हे वाक्य मी स्टाफरूममध्ये इतक्यांदा ऐकले आहे की त्याचीच तासिका लावावी. शिक्षकांना दोष तरी किती द्यायचा? २००७ मध्ये किशोरवयीन शिक्षणाच्या साहित्यावरून राज्यात गदारोळ झाला आणि तो कार्यक्रमच बंद पडला, तेव्हापासून "कशाला अंगावर घ्या" हीच वृत्ती मुरली आहे. पालक म्हणतात, सांगितले की पोरे तसलेच करतील. अहो, त्यांच्या हातात मोबाईल देऊन झाला आहे. 'तसले' त्यांनी पाहिले आहे; राहिले आहे ते नीट सांगणे.

आमच्याच जिल्ह्यात हे नीट सांगणे कुणी केले? वेश्यावस्तीतल्या बायकांनी. १९९२ पासून सांगलीत 'संग्राम' संस्थेबरोबर त्यांनी आपसांत कंडोम वाटले, गिऱ्हाइकाला ठणकावून सांगितले, आजारी मैत्रिणींना दवाखान्यात नेले. १९९६ मध्ये 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद' उभी केली. ज्यांना आपण शाळेच्या फाटकातून आत येऊ देणार नाही, त्यांना कंडोम हा शब्द उच्चारताना कधी खोकला आला नाही. आमच्याकडे मुख्याध्यापक अजून 'ते साधन' म्हणतात.

सांगण्यासारखे तरी काय फार आहे? असुरक्षित शरीरसंबंध, दूषित रक्त, एकमेकांच्या सुया-सिरिंज, आणि उपचार न घेतलेल्या आईकडून बाळाला. पाचवी वाट नाही. यातल्या शेवटच्या वाटेवर तर आपण जवळजवळ बांध घातला आहे : उपचार नसतील तर शंभरातल्या १५ ते ४५ बाळांना लागण होऊ शकते, आईने गोळ्या घेतल्या तर हे प्रमाण ५ टक्क्यांच्या आत येते. म्हणून गरोदर बाईची तपासणी पहिल्याच भेटीत व्हायला हवी. सुई टोचली, बलात्कार झाला, कंडोम फाटला, तर ७२ तासांच्या आत सरकारी रुग्णालय गाठायचे; २८ दिवसांच्या गोळ्यांनी लागण टाळता येते. हे कॉलेजातल्या मुलामुलींना विचारून पाहा, किती जणांना माहीत आहे ते.

आणखी एक गोष्ट पाटीवर कधीच येत नाही. गोळ्या नियमित घेऊन ज्याच्या रक्तातला विषाणू तपासणीत सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, त्याच्याकडून शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. याचा पाया घालणाऱ्या मोठ्या अभ्यासात ९ देशांतली १७६३ जोडपी होती आणि त्यांत आपल्या पुण्यातलीही होती. उपचार लवकर सुरू केल्याने जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटल्याचे २०११ मध्ये दिसले. पुण्याच्या जोडप्यांनी जगाला दिलेले हे ज्ञान पुण्यापासून चार-पाच तासांवरच्या आमच्या गावात आलेले नाही.

भीतीचे काय होते ते सांगते. माझा एक जुना विद्यार्थी, आता ड्रायव्हर, दोन वर्षे अंगात ताप घेऊन फिरला. तपासणीला गेला नाही, कारण एड्स म्हणजे मृत्यू हे त्याला शाळेतच (बहुधा मीच) शिकवले होते. आता गोळ्यांवर ठणठणीत आहे. पण मध्यंतरी हर्नियाच्या शस्त्रक्रियेला एका खासगी रुग्णालयाने त्याला "मोठ्या दवाखान्यात जा" म्हणून परत पाठवले. २०१७ चा एचआयव्ही कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार एचआयव्ही आहे म्हणून उपचार, नोकरी, शाळाप्रवेश नाकारता येत नाही. संमतीशिवाय तपासणी करता येत नाही, निकाल इतरांना सांगता येत नाही. तो मला म्हणाला, "बाई, कायदा मला म्हाईत हाय. भांडत बसलो तर गावाला कळंल."

शिक्षण विभागाला माझी विनंती साधी आहे. फेरी काढायची तर काढा, लेझीमही असू द्या. पण त्याच दिवशी आठवी ते दहावीच्या प्रत्येक वर्गात एक पूर्ण तास द्या. ग्रामीण रुग्णालयातल्या आयसीटीसीच्या, म्हणजे एचआयव्ही तपासणी व समुपदेशन केंद्राच्या, समुपदेशकांना बोलवा. ते हे रोज बोलतात, अडखळत नाहीत. वर्गात एक डबा ठेवा. जुन्या पाट्या जाळून टाका.

आपल्यालाही एक विनंती, संपादक महोदय. पुढच्या वर्षी फेरीचे छायाचित्र छापाल तेव्हा मान्यवरांच्या नावांच्या दोन ओळी कमी करा आणि तिथे छापा : जवळच्या सरकारी रुग्णालयात तपासणी मोफत व गोपनीय, माहितीसाठी १०९७, चोवीस तास, फोन फुकट.

आपली,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका
जि. सांगली