तिसाव्या दिवशी रुग्णाला फोन करा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अमुक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात वर्षभरात इतक्या हजार शस्त्रक्रिया झाल्या, अशा बातम्या वर्तमानपत्रांत नेहमी येतात. वाचून बरं वाटतं. त्या आकड्यामागे रात्रभर ऑपरेशन थिएटरमध्ये उभे राहिलेले निवासी डॉक्टर, भूलतज्ज्ञ, सिस्टर, वॉर्डबॉय मला दिसतात, कारण माझी सगळी नोकरी अशाच एका रुग्णालयाच्या सर्जरी वॉर्डात गेली, शेवटची वर्षं परिसेविका, म्हणजे वॉर्डची प्रमुख सिस्टर म्हणून. पण त्या बातमीत एक गोष्ट कधीच नसते. ज्यांची शस्त्रक्रिया झाली त्यांच्यापैकी महिन्याभराने किती जण धडधाकट होते, किती जणांची जखम चिघळली, किती जणांना पुन्हा टेबलावर घ्यावं लागलं आणि किती जण घरी गेल्यावर दगावले? बातमीदाराने विचारलं तरी उत्तर मिळणार नाही. बहुतेक ठिकाणी हा आकडा खुद्द रुग्णालयाकडेच नसतो.

कोणी लपवाछपवी करतं असं माझं म्हणणं नाही. रुग्ण घरी गेला की त्याचा कागद तिथेच संपतो, एवढंच. आतड्याला भोक पडून आलेला एक ऊसतोड कामगार मला चांगला आठवतो. मध्यरात्री ऑपरेशन झालं. आमच्या निवासी डॉक्टरांनी जिवाचं रान करून त्याला वाचवलं. पुढे टाके गावातच काढून घे असं सांगून त्याला घरी सोडलं. डिस्चार्ज कार्डावर ‘प्रकृती समाधानकारक’. गावी जखम उघडली, पू वाहायला लागला. आधी तिथल्या डॉक्टरकडे होते नव्हते ते पैसे गेले, मग तो परत आमच्याकडे आला, तो नेमका दुसऱ्या युनिटच्या, म्हणजे सर्जनांच्या दुसऱ्या तुकडीच्या, ओपीडीच्या दिवशी. नवा केसपेपर निघाला आणि तो चिघळलेल्या जखमांच्या सेप्टिक वॉर्डात भरती झाला. आमच्या युनिटच्या नोंदीत तो बरा होऊन गेलेला रुग्ण, त्यांच्या नोंदीत जखम चिघळलेला नवा रुग्ण. ज्या सर्जनने त्याचं पोट शिवलं, त्याच्या कानावर हे कधीच गेलं नाही. मलाही कळलं ते त्याच्या बायकोने मला ओळखून हाक मारली म्हणून.

विभागात दर महिन्याला मृत्यू आणि गुंतागुंतीच्या केसेसवर बैठक होते. तिथे सीनियर सर कोणाचीही भीडभाड ठेवत नाहीत, हे मी ऐकून आहे. पण तिथे चर्चा होते ती वॉर्डात घडलेल्या गोष्टींची. घरी गेलेला माणूस त्या बैठकीत येतच नाही. जगभर शस्त्रक्रियेचा परिणाम मोजताना ३० दिवस धरतात. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१९ साली आलेल्या अंदाजानुसार दरवर्षी सुमारे ४२ लाख माणसं शस्त्रक्रियेनंतरच्या ३० दिवसांत दगावतात. आपल्या रुग्णालयांत मोजणी डिस्चार्जला थांबते. पुढचे दिवस कोरे.

रुग्ण पुढे कसा आहे हे धरून ठेवलं तर काय साधतं, ते परळच्या टाटा रुग्णालयाने दाखवलं आहे. तंबाखू-गुटख्यामुळे तोंडाचा कर्करोग आपल्याकडे किती, हे वेगळं सांगायला नको. रोग लवकर सापडला, मानेत हाताला गाठ लागत नाही, अशा रुग्णाचं तोंडाचं ऑपरेशन करताना मानेतल्या लसीका ग्रंथीही (रोग पसरतो तो आधी तिथे) काढून टाकाव्यात, की लक्ष ठेवून रोग मानेत उतरला तरच काढाव्यात? यावर सर्जन मंडळींत कित्येक वर्षं दोन तट होते. मान उघडायची तर व्रण मोठा, खांद्याचा त्रास, वेळही जास्त. थांबायचं तर रोग हातातून सुटण्याची भीती. डॉ. अनिल डिक्रूझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ ते २०१४ या काळात ५९६ रुग्णांची नोंद केली, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट पाडले आणि वाट पाहिली. ज्यांच्या ग्रंथी सुरुवातीलाच काढल्या त्यांच्यातले ८० टक्के तीन वर्षांनी हयात होते. ज्यांच्या बाबतीत थांबून पाहिलं त्यांच्यातले ६७.५ टक्के. म्हणजे साधारण आठ रुग्णांमागे एक जीव वाचला. २०१५ साली हा निष्कर्ष अमेरिकेतल्या ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आला. यासाठी कुठलं नवं यंत्र लागलं नाही, नवं औषध लागलं नाही. शस्त्रक्रियाही सर्जनांच्या हातातल्या नेहमीच्याच होत्या. लागलं ते इतकंच, की तीन वर्षांनी कोण कसा आहे हे रुग्णालयाला ठाऊक होतं.

त्याच रुग्णालयाच्या डॉ. राजेंद्र बडवे यांच्या नेतृत्वाखाली झालेलं दुसरं काम तर मला फारच जवळचं वाटतं. लिग्नोकेनची, म्हणजे जागा बधिर करणाऱ्या औषधाची, बाटली प्रत्येक ड्रेसिंग ट्रॉलीवर असते. टाका घालण्याआधी आम्ही ती हजारदा हातात घेतली आहे. स्तनाच्या कर्करोगाच्या ऑपरेशनआधी ७ ते १० मिनिटं हेच औषध गाठीच्या भोवती टोचलं तर काय होतं, हे देशातल्या ११ केंद्रांत १६०० स्त्रियांमध्ये तपासलं गेलं. पाच वर्षांनी हयात असणाऱ्यांचं प्रमाण ८६.४ टक्क्यांवरून ९०.१ टक्क्यांवर गेलं. खर्च शंभर रुपयांच्या आत. पाच-पाच वर्षं माग ठेवला नसता तर हा फरक कोणालाच दिसला नसता. कारण ऑपरेशननंतरच्या आठवड्यात दोन्ही गटांतल्या बाया सारख्याच दिसणार.

कोणी म्हणेल, टाटाची गोष्ट वेगळी, त्यांच्याकडे पैसा आहे, माणसं आहेत. मग पोटाच्या ऑपरेशनचा अभ्यास घ्या. भारतासह सात देशांतल्या ८१ रुग्णालयांत १३,३०१ रुग्णांवर तो झाला आणि २०२२ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. पोट शिवायच्या आधी सगळ्यांनी हातमोजे बदलायचे आणि शिवायला निर्जंतुक अवजारांचा वेगळा ट्रे घ्यायचा, एवढाच बदल. ३० दिवसांत जखम चिघळण्याचं प्रमाण १८.९ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आलं. तीन टक्के कमी वाटतील. ज्याने सेप्टिक वॉर्डात सकाळची ड्रेसिंग केली आहेत, जखमेला चिकटलेला गॉज सोडवताना रुग्णाचे दात एकमेकांवर आवळलेले पाहिले आहेत, त्याला ते कमी वाटणार नाहीत. शंभरातली ती तीन माणसं वेळेवर कामाला लागतात, त्यांच्या घरचं कर्ज टळतं.

हा विचार जुना आहे. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल या हार्वर्डशी जोडलेल्या रुग्णालयात अर्नेस्ट कॉडमन नावाचे सर्जन होते. प्रत्येक रुग्णाचं कार्ड ठेवा, वर्षभराने त्याला पुन्हा तपासा, उपचार फसला असेल तर का फसला ते लिहा, असं ते म्हणत. सहकाऱ्यांना ते रुचलं नाही. १९१४ साली त्यांनी राजीनामा दिला. स्वतःच्या छोट्या रुग्णालयातून १९११ ते १९१६ या काळात घरी गेलेल्या ३३७ रुग्णांचा हिशेब त्यांनी छापला आणि त्यात झालेल्या १२३ चुकाही छापल्या. शंभर वर्षं उलटली तरी वॉर्डातला माणूस ते वाचून थबकतो.

आपल्याकडे संशोधन होत नाही असंही नाही. एम.एस. (सर्जरीची पदव्युत्तर पदवी) करणाऱ्या प्रत्येक निवासी डॉक्टरला प्रबंध लिहावाच लागतो. पन्नास-साठ रुग्ण, तक्ते, फोटो, बांधणी, नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची मंजुरी. काही प्रबंध मी चाळले आहेत, मेहनत दिसते. पण डॉक्टर पास होऊन गेला की त्याने जमवलेली माहिती ग्रंथालयाच्या कपाटात जाते आणि पुढच्या वर्षी दुसरा मुलगा पुन्हा शून्यापासून दुसरे पन्नास रुग्ण गोळा करतो. हेच पन्नास एकाच चालू नोंदवहीत वर्षानुवर्षं पडत गेले तर एका महाविद्यालयाकडे पाच वर्षांत किती मोठा ठेवा होईल! अध्यापन रुग्णालय म्हणवणाऱ्या संस्थेने हे करायला हवं. तिथे शिकणारा सर्जन पुढची तीस-पस्तीस वर्षं चाकू चालवणार आहे.

‘सरकारी दवाखान्यात गरिबांवर प्रयोग करतात’ हा धाक लोकांच्या मनात आहे, आणि तो उगाच आलेला नाही. संमतीच्या कागदावर घाईघाईने अंगठा घेतलेला मीही पाहिला आहे. उपचाराची निवड जिथे चिठ्ठी टाकल्यासारखी होणार असेल तिथे रुग्णाला त्याच्या भाषेत, नातेवाईक शेजारी बसलेले असताना, नीट सांगितलंच पाहिजे, आणि ‘नको’ म्हणणाऱ्याच्या उपचारात तसूभरही फरक पडता कामा नये. पण मी मागते आहे तो प्रयोग नाही. तिसाव्या दिवशी फोन करून विचारायचं: जखम भरली का, पू आला का, ताप होता का, दुसरीकडे कुठे दाखवावं लागलं का, कामावर जाता का. असा फोन आला तर आमचे रुग्ण दुवा देतील.

निवासी डॉक्टरांवर हा बोजा टाकू नये. ती मुलं आधीच छत्तीस-छत्तीस तास उभी असतात. हे काम समाजसेवा अधीक्षक आणि एक अनुभवी परिचारिका मिळून करू शकतात. अडचण येते ती नंबरची. केसपेपरवरचा मोबाइल बऱ्याचदा मेव्हण्याचा नाहीतर रिक्षावाल्याचा असतो. म्हणून भरतीच्या वेळीच दोन नंबर घ्यावेत आणि तिथल्या तिथे लावून पाहावेत. महात्मा जोतिराव फुले योजनेच्या टेबलावर नाहीतरी रुग्णाची सगळी माहिती भरली जातेच. आणि युनिट कुठलंही असो, शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाचा जुना केसपेपर नंबरच पुढे चालवावा.

आकडे जाहीर केले तर सरकारी रुग्णालयाची बदनामी होईल, ही काळजी मला समजते. आमच्याकडे माणूस येतो तो बाहेरून फिरवाफिरवी होऊन, दोन दिवस उशिरा, रक्त कमी, साखर वाढलेली. त्याची तुलना ठरवून केलेल्या ऑपरेशनशी करणं अन्याय आहे. म्हणून रुग्ण कुठल्या अवस्थेत आला तेही त्याच नोंदीत हवं, सर्जनचं नाव नको, आणि तुलना त्याच रुग्णालयाच्या मागच्या वर्षाशी व्हावी.

वैद्यकीय शिक्षण विभागाने सुरुवात एका महाविद्यालयात, तीही फक्त पोटाच्या तातडीच्या ऑपरेशनपासून करावी. एक फोन, एक नोंदवही, दोन माणसं लागतील. नव्या निवासी डॉक्टरांचे प्रबंधाचे विषय ठरतात तेव्हा विभागप्रमुखांनी त्यातला एक तरी विषय या नोंदवहीतून द्यावा. आणि आपल्या बातमीदारांना माझी विनंती आहे, की पुढच्या वेळी शस्त्रक्रियांच्या विक्रमाची बातमी देताना अधिष्ठात्यांना तिसाव्या दिवसाचा आकडाही विचारावा.

आपली,
एक निवृत्त परिसेविका, ठाणे
(कृपया नाव छापू नये)