गौरवमूर्ती शोधण्यासाठी महाविद्यालयांनी गावात जावे

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या काही वर्षांत खानदेशातील अनेक महाविद्यालयांत माजी विद्यार्थी मेळावे नियमाने होऊ लागले आहेत. समाजसेवा आणि नेतृत्व यांसाठी दोन-चार माजी विद्यार्थ्यांचा जाहीर सत्कार करण्याची प्रथाही त्यांत रुजत आहे. या प्रथेचे मला मनापासून समाधान वाटते. परीक्षेत किती गुण मिळाले एवढ्यावरच न थांबता, पदवी घेऊन गेलेल्या मुलाने वा मुलीने पुढे आपल्या गावासाठी, पाड्यासाठी, वस्तीसाठी काय केले याची विचारपूस शिक्षणसंस्थेने करावी, हे योग्यच आहे. मात्र हा गौरव कोणाच्या वाट्याला येतो आणि ती नावे कशी ठरतात, याविषयी काही विचार आपल्या दैनिकाद्वारे विद्यापीठ, महाविद्यालये आणि माजी विद्यार्थी संघ यांच्यापुढे ठेवावेत, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

नावे ठरवण्याची सध्याची पद्धत बहुतेक ठिकाणी सारखीच दिसते. विहित नमुन्यात प्रस्ताव मागवले जातात, त्यासोबत वृत्तपत्रांतील कात्रणे, छायाचित्रे, यापूर्वी मिळालेल्या पुरस्कारांची प्रमाणपत्रे आणि प्रतिष्ठित व्यक्तींची शिफारसपत्रे जोडावी लागतात, आणि समिती त्या फायलींमधून निवड करते. या पद्धतीत कोणाचा वाईट हेतू आहे असे मी म्हणणार नाही. परंतु ज्याला फाईल तयार करता येते, किंवा ज्याच्यासाठी ती तयार करणारे चार लोक हाताशी आहेत, तोच समितीपर्यंत पोहोचतो. जे खरोखर कामात बुडालेले आहेत त्यांच्याकडे कात्रणेही नसतात आणि स्वतःविषयी प्रस्ताव लिहिण्याची वृत्तीही नसते. मी शिक्षक म्हणून सातपुड्याच्या पायथ्याशी नोकरी केली, त्यामुळे अशी माणसे मला जवळून पाहायला मिळाली.

माझा एक विद्यार्थी कायद्याची पदवी घेऊन परत आला. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार दावा दाखल करायचा तर १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जमीन कसत असल्याचा पुरावा लागतो, आणि ज्यांच्या तीन पिढ्या निरक्षर राहिल्या त्यांच्या घरात कागद तो कुठला असणार? हा मुलगा पाड्यापाड्यांवर फिरून वनखात्याने पूर्वी केलेल्या दंडाच्या जुन्या पावत्या शोधतो, वयोवृद्धांचे जबाब लिहून घेतो, ग्रामसभेची वनहक्क समिती, उपविभागीय समिती आणि जिल्हा समिती या तिन्ही पायऱ्यांवर दाव्याचा पाठपुरावा करतो आणि ज्याला जे जमेल तेवढेच शुल्क घेतो. जी पावती एकेकाळी गुन्ह्याची खूण होती, तीच त्या कुटुंबाच्या हक्काचा आधार ठरते. हे काम कोणत्याही व्यासपीठावर दिसत नाही. तसेच पदवीधर होऊन आशा कार्यकर्ती म्हणून काम करणाऱ्या एका मुलीचे आहे. रस्ता नसलेल्या पाड्यावरून अडलेल्या बाळंतिणीला झोळीतून खाली आणताना ती सोबत चालते, आणि सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराच्या तपासणीला घाबरणाऱ्या कुटुंबांना त्यांच्याच बोलीत समजावून सांगते. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांच्या सपाटीवरही असे तरुण गावोगावी आहेत. कोणी पहाटे मुलांना पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीसाठी पळवतो, कोणी ग्रामपंचायतीच्या रिकाम्या खोलीत अभ्यासिका चालवतो. यांपैकी एकानेही आपल्या महाविद्यालयाकडे प्रस्ताव पाठवल्याचे मी ऐकलेले नाही.

आपल्या विद्यापीठाला ज्यांचे नाव दिले आहे त्या बहिणाबाई चौधरी यांचेच उदाहरण या ठिकाणी विचारात घेण्यासारखे आहे. १८८० साली असोद्याला जन्मलेल्या या बाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात आणि जात्यावर त्या जे रचत गेल्या ते पुत्र सोपानदेव आणि घरातील एका आप्ताने कागदावर उतरवून ठेवले, आणि बाईंच्या निधनानंतर १९५२ मध्ये ते पुस्तकरूपाने महाराष्ट्रापुढे आले. जवळच्या कोणीतरी कान देऊन लिहून घेतले, म्हणूनच ते टिकले. त्यांचे नाव धारण करणाऱ्या विद्यापीठाने आणि त्याच्याशी संलग्न महाविद्यालयांनी प्रस्तावाची वाट न पाहता स्वतः जाऊन ऐकावे आणि लिहून घ्यावे, ही अपेक्षा अवास्तव नाही.

सत्कारांचा कल देणगीदारांकडे आणि मोठ्या पदांवर पोहोचलेल्यांकडे का झुकतो, याचे एक कारण मूल्यांकनाच्या व्यवस्थेतही आहे. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅक या राष्ट्रीय संस्थेच्या निकषांत माजी विद्यार्थ्यांच्या सहभागाला स्वतंत्र स्थान आहे. माजी विद्यार्थी संघ नोंदणीकृत आहे काय, त्याने आर्थिक वा अन्य स्वरूपात कोणते योगदान दिले, असे तेथे विचारले जाते, आणि योगदानाची रक्कम लाखांच्या कोष्टकात भरायची असते. आर्थिक मदतीचे महत्त्व मी कमी लेखत नाही. अमळनेरचे १९४५ चे प्रताप महाविद्यालय ज्यांच्या नावाने उभे आहे ते श्रीमंत प्रताप शेठ किंवा जळगावच्या १९४४ च्या मूळजी जेठा महाविद्यालयाला मदत करणारे, यांच्यासारखे दाते लाभले नसते तर खानदेशातील किती मुलांना पुण्या-मुंबईला जाणे परवडले असते? दात्यांविषयीची ही कृतज्ञता जरूर व्यक्त व्हावी, पण तिच्यासाठी वेगळा प्रसंग असावा. समाजसेवेचा सन्मान आणि देणगीचा सन्मान एकाच व्यासपीठावर, एकाच नावाने झाला की समोर बसलेल्या विद्यार्थ्याच्या मनात दोहोंची गल्लत होते, आणि सेवा करायची तर आधी पैसा मिळवावा लागतो असा चुकीचा समज घेऊन तो घरी जातो.

माजी विद्यार्थी कोणाला म्हणावे, याचाही विचार व्हायला हवा. आपले विद्यापीठ १५ ऑगस्ट १९९० रोजी स्थापन झाले. त्यापूर्वी खानदेशातील महाविद्यालये पुणे विद्यापीठाशी आणि १९४९ पूर्वी मुंबई विद्यापीठाशी जोडलेली होती. माझ्या स्वतःच्या पदवीवर पुण्याचे नाव आहे, जरी मी पुण्याच्या वर्गात कधी बसलो नाही. अशा हजारो जुन्या पदवीधरांची नावे विद्यापीठाच्या नोंदींत असणे शक्य नाही आणि महाविद्यालयांच्या जुन्या हजेरीपुस्तकांकडे कोणी वळत नाही. माजी राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील मूळजी जेठा महाविद्यालयाच्या विद्यार्थिनी होत्या, हे सर्वांना ठाऊक असते. परंतु त्याच पिढीत त्याच इमारतींत शिकून पुढे आयुष्यभर आश्रमशाळांत शिकवलेल्या, सहकारी संस्था नेटाने सांभाळलेल्या, दुष्काळात रोजगार हमीच्या कामांवर मजुरांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या माणसांची नावे आता त्यांच्या घरच्यांखेरीज कोणाला सांगता येणार नाहीत. ही पिढी वयाच्या ऐंशी-नव्वदीत आहे. तिच्यासाठी अजून थांबायला वेळ उरलेला नाही.

स्त्रियांच्या बाबतीत अडचण आणखी मोठी आहे. मुलगी माहेरच्या नावाने महाविद्यालयात दाखल होते, पदवी घेते, लग्नानंतर नाव आणि गाव दोन्ही बदलते, आणि माजी विद्यार्थी संघाच्या यादीतून नाहीशी होते. शिरपूरला शिकलेली मुलगी सुरतेच्या उधना किंवा लिंबायत भागात संसार करते, तिथल्या खानदेशी कामगार वस्तीत बायकांचे बचतगट उभे करते, शाळा सुटलेल्या पोरांना पुन्हा शाळेत घालते. तिच्या महाविद्यालयाला मात्र याचा पत्ता नसतो, कारण यादीतला तिचा पत्ता वडिलांचा आहे आणि वडील आता हयात नाहीत. सत्काराच्या व्यासपीठावर स्त्रिया अगदी कमी दिसतात यामागे त्यांचे काम कमी असणे हे कारण नसून आपली नोंद अपुरी असणे हे कारण आहे, असे माझे ठाम मत आहे. महाविद्यालयांनी वर्गमैत्रिणींच्या ओळखीतून, माहेरच्या गावी विचारून ही नावे पुन्हा जोडून घेतली पाहिजेत. यासाठी खर्च फारसा येत नाही, फक्त कोणीतरी चिकाटीने मागे लागावे लागते.

शोध कोणी घ्यायचा, हा प्रश्न मला कठीण वाटत नाही, कारण त्यासाठी लागणारे मनुष्यबळ प्रत्येक महाविद्यालयात आधीपासून आहे. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ पासून चालू आहे. तिचा स्वयंसेवक दोन वर्षांत २४० तास काम करतो आणि सात दिवसांच्या विशेष शिबिरासाठी दत्तक गावात मुक्काम करतो. या शिबिरात रस्ता, बंधारा, स्वच्छता ही कामे होतात, तशीच संध्याकाळी दोन-दोन स्वयंसेवकांनी घरोघरी जाऊन एक चौकशी करावी: या गावातले कोण कोण आपल्या महाविद्यालयात शिकले, आणि अडचण आली की तुम्ही कोणाकडे जाता? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर अनेक घरांतून एकच आले, तर समितीला वेगळ्या शिफारसपत्राची गरज उरणार नाही. ही चौकशी अहिराणीत, भिलीत, पावरीत व्हावी आणि उत्तर देणाऱ्याच्या शब्दांत लिहून घेतली जावी. कार्यक्रमाधिकाऱ्यांनी अशा नोंदी वर्षानुवर्षे जपल्या तर सत्कारापलीकडेही त्यांचा उपयोग होईल, कारण आपले पदवीधर नक्की कुठे आहेत आणि काय करत आहेत याचे खरे चित्र महाविद्यालयाच्या हाती पहिल्यांदाच येईल.

नेतृत्व या शब्दाचा अर्थही या निमित्ताने जरा व्यापक करायला हवा. निवडून येणे हे नेतृत्वाचे एक रूप आहे आणि प्रामाणिक लोकप्रतिनिधीचा सत्कार करण्यात गैर काही नाही. पण साक्री तालुक्यातील बारीपाड्याचे चैत्राम पवार यांनी १९९० च्या दशकापासून गावाला सोबत घेऊन सुमारे चारशे हेक्टर जंगल राखले, झाडे न तोडण्याचे नियम गावाकडूनच करवून घेतले, आणि २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. हे नेतृत्व मन वळवण्याचे आहे. चुलीला लाकूड लागते अशा घराला लाकूड तोडू नको म्हणून सांगायचे, त्याला पर्याय शोधून द्यायचा, आणि हे वर्षानुवर्षे रोज करत राहायचे. अशा कामाची सुरुवातीची पाच-सात वर्षे सर्वांत अवघड असतात, कारण तेव्हा दाखवायला काहीच नसते आणि टीका करणारे पुष्कळ असतात. त्या काळात आपल्या जुन्या महाविद्यालयाचा एक शब्द पाठीशी असेल तर माणसाला मोठा धीर येतो. राष्ट्रीय पातळीवर दखल घेतली गेल्यावर सत्कार करायला सगळेच पुढे येतात, म्हणून महाविद्यालयाने त्याआधी पोहोचावे.

सत्काराच्या स्वरूपाविषयी दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली मानपत्राविषयी आहे. आपली मानपत्रे विशेषणांनी भरलेली असतात, आणि ती ऐकून त्या व्यक्तीने नेमके काय केले हे श्रोत्यांना कळत नाही. मानपत्रात काम साध्या वाक्यांत लिहावे: कुठे, केव्हापासून, कोणासाठी, कोणत्या अडचणींतून. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. शाल, श्रीफळ आणि पाच मिनिटांचे मनोगत एवढ्यावर सत्कारमूर्तीला निरोप देऊ नये. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी तिला विद्यार्थ्यांबरोबर वर्गात दोन तास बसू द्यावे, मंचाशिवाय आणि हारांशिवाय. मजुरी बुडवून किंवा रजा टाकून येणाऱ्या माणसाचा प्रवासखर्च आणि त्या दिवसाचा मोबदला महाविद्यालयाने न मागता द्यावा. वनहक्काचा दावा कसा तयार होतो, हे त्या वकिलाकडून राज्यशास्त्राच्या मुलांनी ऐकले, तर पुस्तकातले एक प्रकरण त्यांना कायमचे समजेल.

एका बाबतीत मात्र सावधगिरी आवश्यक आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार विद्यापीठाच्या अधिसभेवर (सिनेटवर) नोंदणीकृत पदवीधरांतून दहा प्रतिनिधी निवडून येतात. ही पदवीधरांच्या हक्काची जागा आहे आणि तिच्यासाठी नावनोंदणी वाढली पाहिजे. परंतु निवडणुकीच्या वर्षात सत्काराची व्यासपीठे प्रचाराची होऊ नयेत, यासाठी अधिसभेचे उमेदवार, संस्थेचे विद्यमान पदाधिकारी आणि निवड समितीच्या सदस्यांचे आप्त यांचा त्या वर्षी विचार करू नये, असा स्पष्ट नियम असावा. निवड समितीतही संस्थेबाहेरचे किमान निम्मे सदस्य असावेत, आणि त्यांत एखादी ग्रामसेविका, एखादा आश्रमशाळेतील शिक्षक, एखादी अंगणवाडी सेविका असावी.

विद्यापीठाने जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांसाठी अशी नियमावली तयार करून येत्या वर्धापनदिनापूर्वी, म्हणजे १५ ऑगस्टच्या आत, सर्व संलग्न महाविद्यालयांना पाठवावी आणि या हिवाळ्यातील सेवा योजनेच्या शिबिरांपासून गावपातळीवरील चौकशी सुरू करावी, अशी माझी नम्र विनंती आहे. ज्या महाविद्यालयांनी याआधीच असे काही केले असेल त्यांनी आपला अनुभव आपल्या दैनिकातून इतरांना कळवावा, आणि आपणही त्यासाठी जागा द्यावी.

कळावे,
आपला विश्वासू,
एक निवृत्त माध्यमिक शिक्षक,
शहादा, जि. नंदुरबार