भरभरून दाद नव्हे, कडाक्याचा वाद

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या श्रवणसभेची बातमी गेल्या आठवड्यात आपल्या अंकात आली. जागा दिलीत, त्याबद्दल आभार. बातमीत पाहुण्यांची, सूत्रसंचालन करणाऱ्यांची, आभार मानणाऱ्यांची नावं आली आणि शेवटी ‘श्रोत्यांनी भरभरून दाद दिली’ हे वाक्य आलं. त्या संध्याकाळी भरभरून दाद मिळाली नाही. कडाक्याचा वाद झाला. इतकं मन लावून लोक बोललेत असं अलीकडे कुठल्याच मैफिलीनंतर मी पाहिलेलं नाही, म्हणून हे पत्र.

आम्ही ऐकलं ते बातमीत आलंच नाही. ऑस्ट्रियन संगीतकार शुबर्टचा बी फ्लॅट मेजरमधला शेवटचा पियानो सोनाटा, म्हणजे एकट्या पियानोसाठीची अनेक भागांची रचना. सप्टेंबर १८२८ मध्ये त्यानं तो पुरा केला आणि नोव्हेंबरात तो गेला. वय अवघं ३१. सोनाटा छापून यायला १८३९ साल उजाडलं. त्याचा पहिला भाग आम्ही लागोपाठ दोन रेकॉर्डिंगमधून ऐकला, आधी पियानोवादक आल्फ्रेड ब्रेंडेलचं, मग दुसरे पियानोवादक स्व्यातोस्लाव रिख्तरचं १९७२ सालचं. ब्रेंडेलना साधारण पंधरा मिनिटं लागतात, रिख्तरना चोवीसपेक्षा जास्त. या भागातला सुरुवातीचा मोठा हिस्सा शुबर्टनं पुन्हा वाजवायला सांगितलाय. रिख्तर तो वाजवतात, ब्रेंडेल गाळतात. फरकाचा एक हिस्सा तिथला, बाकीचा सगळा लयीचा.

रिख्तर सुरू होऊन पाच मिनिटं झाली नसतील, मागच्या रांगेतून एक गृहस्थ बोललेच, “अहो, पुढे सरका की!” दोघं-तिघं उठून गेले. एक काकू मात्र खुर्चीच्या कडेला येऊन बसल्या होत्या. नंतर म्हणाल्या, तो खालचा आवाज आला तेव्हा पोटात गोळा आला. त्या आवाजाबद्दल थोडं सांगायलाच हवं. सुरुवातीची धून अगदी शांत आहे, गुणगुणावी अशी. ती थोडी पुढे जाते आणि आठव्या मात्राखंडात (बारमध्ये) पियानोच्या तळाशी, खर्जात, दोन लागोपाठच्या स्वरांचं हलकं कंपन उठतं. मोठं नाही, अगदी दबकं. मग सगळं थांबतं. ती विश्रांती किती लांबवायची हे शुबर्टनं वाजवणाऱ्यावर सोडलंय. ब्रेंडेल ती घेतात आणि पुढच्या वाक्याला लागतात. रिख्तर इतके थांबतात की सभागृहातला पंखा ऐकू यायला लागतो.

सर्वांत वजनदार आक्षेप आमच्यातल्या एका डॉक्टरांचा होता. ते स्वतः पियानो शिकलेत, स्वरलिपी घेऊनच आले होते. शुबर्टनं वर ‘मोल्तो मोदेरातो’ लिहिलंय, म्हणजे बेताची लय, विलंबित नव्हे. रिख्तर स्वतःचं संगीत वाजवतात, शुबर्टचं नाही, असं त्यांचं म्हणणं. याला माझ्याकडे कागदावरचं उत्तर नाही आणि मी ते शोधतही नाही. मी तबल्याचा माणूस आहे, लय हातानं ओळखतो.

इंदूरकरांना हे वेगळं सांगायला नको. आपले ख्यालगायक उस्ताद अमीर खाँसाहेब यांचा झुमरा तालातला विलंबित ख्याल ज्यांनी ऐकलाय त्यांना चौदा मात्रा किती लांब होऊ शकतात हे माहीत आहे. तेव्हाही ‘फार संथ’ म्हणणारे होतेच. त्या लयीत ठेका धरणं म्हणजे काय, ते साथीदाराला विचारा. ‘धीं’ वाजवून झालं की पुढचा बोल येईपर्यंत मोकळं मैदान असतं. ते भरायचा मोह होतो, एखादा मुखडा टाकावासा वाटतो. हात आवरून प्रत्येक ‘तिरकिट’ सारख्याच वजनानं, नेमक्या जागी ठेवावा लागतो. एक जरी मागे-पुढे झाला तरी गायकाच्या पायाखालची जमीन जाते.

रिख्तर ऐकताना मी धून ऐकत नव्हतो, तिच्या खाली चाललेली बारीक, एकसारखी हालचाल ऐकत होतो. तोच त्यांचा ठेका. चोवीस मिनिटांत तो मला कुठे ढिला पडलेला आढळला नाही. आणि पियानोचं दुखणं असं, की स्वर वाजला त्याच क्षणापासून विरायला लागतो. गळ्यासारखा तो धरून ठेवता येत नाही. तरीही इतक्या संथ लयीत एका स्वराचा दुसऱ्याशी धागा तुटत नाही, ही मला मोठी गोष्ट वाटते. लय संथ आहे की नाही हा प्रश्न माझ्या लेखी दुय्यम आहे, ती तुटते का, एवढंच मी पाहतो. डॉक्टरांना हे पटलेलं नाही. न पटो.

पुनरावृत्तीबद्दल मात्र मी ठाम आहे. खाँसाहेब पुष्कळदा बंदिशीचा दुसरा भाग, अंतरा, गात नसत, तेव्हा गाळलं म्हणून मी कुणाला दोष देणार नाही. ब्रेंडेलनी तर आपली कारणं लिहून मांडलीत. पण तो हिस्सा पुन्हा वाजवायला सुरुवातीकडे वळताना शुबर्टनं नऊ मात्राखंड असे लिहिलेत, जे दुसऱ्यांदा येतच नाहीत. तेच खर्जातलं कंपन तिथे एकदम पूर्ण जोरात कोसळतं. पुनरावृत्ती गाळली की ते कधीच ऐकायला मिळत नाही. सुरुवातीचं दबकं कंपन कशाची चाहूल होती ते मला तिथेच कळलं.

कॅनडाचा पियानोवादक ग्लेन गूल्ड यानं १९५७ साली मॉस्कोत रिख्तरना हाच सोनाटा वाजवताना ऐकलं होतं. शुबर्टच्या लांबलचक, पुन्हा पुन्हा येणाऱ्या रचना त्याला मुळात सोसत नसत. ती लय सुरू झाल्यावर आता तासभर चुळबुळत बसायचं अशीच त्याची तयारी होती, आणि मग तो त्यात पार बुडाला. हे त्यानं स्वतः सांगितलंय. एवढ्या मोठ्या वादकानं आधीचा वैताग लपवला नाही, तर आपण इंदुरात का लपवावा?

आमचा वाद त्या रात्री सराफ्याच्या रात्रीच्या खाऊबाजारात गराडू (तळलेला कंद) खाताना चालूच राहिला. उठून गेलेल्यांपैकी एकजण तिथेच भेटला, तोही वादात उतरला आणि ब्रेंडेलची बाजू त्यानं चांगली लढवली. त्याचं म्हणणं, धून गाता आली पाहिजे, आणि ब्रेंडेलबरोबर ती गाता येते.

यातलं दोन ओळींइतकं तरी छापता आलं असतं. पुढच्या वेळी आम्ही या सोनाट्याचा दुसरा भाग ऐकणार आहोत. आपल्या वार्ताहरांनी शेवटपर्यंत बसावं, नंतर चार श्रोत्यांना काय आवडलं आणि काय खटकलं ते विचारावं, आणि पाहुण्यांची नावं कमी करून त्यांची वाक्यं छापावीत, ही विनंती.

आपला,
एक तबलावादक वाचक
रामबाग, इंदूर